ताईचा हलका हात

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या नलूला — माझ्या धाकट्या बहिणीला — तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही नलूला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमच्या घरात माझा हात हलका समजतात. कुणाला खरचटलं की मला हाक. ही ख्याती सुरू झाली नलूच्या गुडघ्यांपासून. ती सायकलवरून पडली तेव्हा मीच साबणाच्या पाण्याने तिच्या जखमा धुतल्या, चिंधीच्या टोकाने एकेक खडा काढला, लाल औषध लावताना फुंकर घातली. तिने माझा खांदा घट्ट धरला होता. आई म्हणाली, "बहीण असावी तर अशी." मी औषधाच्या बाटलीला बूच लावलं.

त्या काळी पुण्यात डबलसीट सापडलं की पोलीस चाकातली हवा सोडायचे. म्हणून आमची सगळ्यांची एक रीत होती. चौकाच्या अलीकडे सायकल हळू करायची, "उतर" म्हणायचं, मागच्याने साळसूदपणे चालत चौक ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा बसायचं. नलू यात तरबेज होती. त्या दिवशी मार्केट यार्डातून पेरू घेऊन आम्ही उताराने स्वारगेटकडे येत होतो. पिशवी तिच्या मांडीवर. बोलण्याच्या नादात मला पोलीस उशिरा दिसला. ब्रेक दाबला असता तर थेट त्याच्या पुढ्यातच थांबलो असतो. मग कॉलेजच्या मुलींच्या देखत हवा गेलेली सायकल ढकलत घरी — छे, ते मला नको होतं. मी "उतर" म्हटलं. आणि वेग तसाच ठेवला.

ती उतरली. मी सांगितलं म्हणून, खाली न बघता. गुडघे, कोपर, हनुवटी — सगळं सोलवटलं. पेरूंची पिशवी मात्र तिने सोडली नाही.

आणि घरी मी काय सांगितलं? "मी ब्रेक लावतच होते, हिलाच धीर नाही." नलूने माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "हो, मीच घाई केली." ती मला वाचवत नव्हती हो. तिला ते खरंच वाटलं. ताई खोटं कशाला बोलेल?

बाबा त्याच महिन्यात तिला जुनी सायकल घेऊन देणार होते. म्हणाले, "जिला उतरता येत नाही, ती चालवणार काय?" पुढे ते विरघळले, पण तोवर नलूच नको म्हणायला लागली. सगळं पुणं सायकलवर, आणि माझी बहीण कॉलेजपासून निवृत्तीपर्यंत बसच्या रांगेत. कितीदा मी तिच्या शेजारून सायकलवर गेले आहे. ती हात करायची.

परवा खराडीला तिच्याकडे गेले होते. तिची नात सायकलवरून पडून आली. हाक अर्थात मला. मी गुडघा धुवायला घेतला, तर नलू नातीला म्हणाली, "माझ्यावर गेलीस बाई. ताई ब्रेक लावत होती, तरी मी उडी मारली होती."

"मग आजी, तू परत सायकल का नाही चालवलीस?"

"माझा माझ्यावर भरवसाच राहिला नाही गं," नलू सहज म्हणाली. "तू रडू नकोस. ताईचा हात हलका आहे."

मी गुडघा पुसत होते. मान वर केली नाही.