शिकवलं त्याच संध्याकाळी पेपर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पत्रकांतून दुसऱ्यांचा खोटेपणा उघडा पाडते मी — माझा कधी छापला?

पालमजवळच्या आमच्या वस्तीत, विहारात, मी अभ्यासिका चालवायचे. पोलीस भरतीची तयारी. जो धडा शिकवायचा, त्यावर त्याच संध्याकाळी सराव पेपर. गुण भरभरून पडायचे, आणि जयंतीच्या कार्यक्रमात ते स्टेजवरून नावानिशी वाचले जायचे.

एकदा वस्तीत कुणी वारलं, म्हणून पेपर पुढच्या आठवड्यावर गेला. सगळ्यांचे गुण कोसळले. पण नंतर पाहिलं — त्या दिवशी डोकं खाजवून, आठवून आठवून लिहिलेलं मुलांच्या ध्यानात टिकलं होतं. लगेच पेपर झालेले धडे मात्र पुसून गेले होते. मला हे कळलं होतं — कळलं नव्हतं असं कसं म्हणू?

अभ्यासिकेतल्या मनीषालाही कळलं. "ताई, आठ दिवसांनी घेत जा ना पेपर. आज समदं येतंय ते याद हाय म्हणून न्हाई, आत्ताच ऐकलंय म्हणून."

"हिला चिठ्ठ्या करायला टाइम पायजे!" मागून एक पोरगा ओरडला. सगळे हसले. मीही हसले. जयंती तोंडावर आलेली — कोसळलेले गुण स्टेजवर वाचायचे कसे? पेपर त्याच संध्याकाळी होत राहिले.

मनीषाला वडिलांनी एकच संधी दिली होती. यंदा भरती, नाहीतर लग्न. लेखी परीक्षेत ती राहिली.

एवढंच असतं तर — नाही, खरं पुढेच आहे. तिला घेऊन वडील माझ्याकडे आले. "ताई, तुमच्या पेपरात तर लय मार्क पडायचे हिला. मग झालं काय? अभ्यास केला न्हाई का?"

माझी पद्धत चुकली, तिला अजून एक वर्ष द्या — एवढंच म्हणायचं होतं. मुलींच्या शिक्षणावर इतकं लिहिलं मी, आणि बोलले काय?

"तिचं लक्ष नव्हतं."

मनीषाने माझ्याकडे पाहिलं.

चारठाण्याकडे दिली तिला. लग्नात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी मुलींच्या शिक्षणावर बोलले. नवरीच्या खुर्चीत बसून ती ऐकत होती. मी मध्येच थांबले नाही — सगळं बोलून मगच खाली बसले.