काळे पडलेले दाणे
तव्यावरची काजळी जळाल्याचा वास आला की कोल्हारजवळचा, प्लास्टिकपासून तेल काढणारा तो कारखाना आठवतो. नववीतून शाळा सोडून, घरापासून लांब, मी तिथं नुकताच लागलो होतो. एका पेंगुळल्या दुपारी यंत्रातून येणारं तेल आटलं आणि प्लास्टिकच्या वाफेचं तेल करणारे आतले झिओलाइटचे पांढरे, सच्छिद्र दाणे कोळशासारखे काळे निघाले. माझ्याच हातून बिघडले, आता घरी पाठवणार, या भीतीनं मी ते पोत्यात लपवू लागलो. "लपवतो काय, येड्या? काजळीनं भोकं बुजलीत, दाना मेला न्हाई," भट्टीवरचे मामा हसले. दाणे भट्टीत घालून त्यांनी हवेची चावी माझ्याच हाती दिली. "हळू सोड, काजळी तेवढी जळू दे. आच भडकली तर मातर दाना मरंल." ऊन उसावरून उतरेपर्यंत मी श्वासही जपून घेत होतो, मग दाणे पुन्हा पांढरे निघाले. आता भट्टी माझ्याकडं आहे. चावी फिरवताना अजून आपोआप तोंडून निघतं, "हळूच सोडतोय, मामा."