दोन नंबरचा काटा

कापड रंगवण्याच्या कारखान्यात तो एकोणतीस वर्षं बॉयलरवर होता आणि सगळे त्याला टिचकी म्हणत. काटा वाचण्याआधी काचेवर बोटाने टिचकी मारायची, कारण अडकलेला काटा खोटं बोलतो, हे तो पहिल्याच आठवड्यात शिकला होता. पुढे ही सवय घरी गेली. भिंतीवरचं घड्याळ, वजनकाटा, काहीच सुटलं नाही. एकदा तो जावयाच्या चष्म्यावर टिचकी मारता मारता थांबला, असं त्याची बायको सांगते.

बॉयलरघरात बॉयलर दोन. एक नंबर चालू. दोन नंबर अकरा वर्षांपासून बंद, नळ कापलेले, पोटात पाण्याचा थेंब नाही. तो विकायचा की ठेवायचा हा निर्णय वरच्या मजल्यावर अजून पिकतो आहे. दाबाचा काटा मात्र जागेवर राहिला होता, कारण तो कोणी मागितला नाही.

निवृत्तीला चौदा महिने असताना कंपनीच्या डॉक्टरने त्याचं बीपी मोजलं. एकशे अठ्ठ्याहत्तर. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू, डॉक्टर म्हणाला, तेव्हाही एवढंच निघालं तर बॉयलर सोडून फाटकावर बसावं लागेल. फाटकावर स्टूल होतं आणि नोंदवही होती, पण काटा नव्हता. टिचकीला त्या स्टुलापेक्षा मरण परवडलं असतं.

डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या. त्या त्याने कपाटात नीट ठेवल्या. गोळीने काटा उतरेल, वाफ कुठे जाईल, असा त्याचा रोकडा सवाल होता. दाब वाढला की वाफ खर्च करायची, हे शास्त्र त्याला पाठ होतं. मग तो रोज पाळी संपायच्या आधी पाठीवर वाळूची गोणी घेऊन पाण्याच्या टाकीचा लोखंडी जिना चढू लागला. चौसष्ट पायऱ्या, तीस फेऱ्या. दुसऱ्या पाळीचा जोडीदार लवकर आला की खाली उभा राहून विचारायचा, या वयात घोडा व्हायचंय की गाढव, एकदाचं ठरव.

एक गोष्ट त्याने कोणाला सांगितली नव्हती. लघवीला आताशा दहा-दहा मिनिटं उभं राहावं लागे, आणि मग नुसतं ठिबके. त्यांच्या घरात या विषयाला सभ्य शब्द होता: प्रेशर. बॉयलरला असतो तो दाब, रक्ताला असतं ते बीपी, आणि प्रेशर फक्त मोरीत. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर दारात भेटला आणि बॉयलरवाल्याशी बॉयलरच्या भाषेत बोलावं म्हणून म्हणाला, "काय, प्रेशर कसं आहे?"

टिचकी कानापर्यंत लाल झाला. याला कसं कळलं? पण खोटं बोलणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

"कमी झालंय, साहेब. पूर्वीसारखं राहिलं नाही."

डॉक्टरने शाबासकी दिली आणि चालू ठेवा म्हणाला. दोघंही समाधानाने आपापल्या कामाला गेले.

बायकोचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. अहो, जेवण निम्म्यावर आलंय आणि पोट पुढे येतंय, असं ती म्हणाली, तेव्हा त्याने बेंबीखाली टिचकी मारून दाखवली. दगडासारखं लागत होतं. व्यायामाने घट्ट झालंय, तो अभिमानाने म्हणाला.

चौथ्या आठवड्यात, जिना उतरून घाम पुसताना, त्याला दोन नंबरचा काटा हललेला दिसला. त्याने टिचकी मारली. काटा खाली यायच्या ऐवजी अर्धा किलो दाबाने वर गेला आणि तिथे एका ठेक्यात थरथरत राहिला. पत्र्यावर हात ठेवला तर पत्रा थंडगार. कान लावला. आत कोणीतरी चालत होतं. सावकाश, पण दमलेलं.

जोडीदारानेही कान लावला. त्याला काही ऐकू आलं नाही आणि काटा शून्यावर दिसला. उन्हाने डोळे फिरलेत तुझे, तो म्हणाला. बॉयलरघराला खिडकी नव्हती.

त्यानंतर काटा रोज चढत गेला. सात किलो. साडेआठ. नऊ. टिचकीचं डोकं सकाळपासून ठणकायचं, पाय सुजायचे. त्याने फेऱ्या चाळीस केल्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी तो जिन्यावरून उतरला, तेव्हा काटा लाल रेघेवर होता. अशा वेळी बॉयलरवाला पळत नाही. आधी आग काढायची; आग नव्हतीच. मग तळाची झडप उघडून गाळ आणि पाणी सोडायचं. त्याने दोन्ही हातांनी चाक फिरवलं. झडप पूर्ण उघडली आणि काहीच आलं नाही. आतली पावलं मात्र थांबली, जणू तिथलं माणूसही वाट बघत होतं.

टिचकी चाकाला टेकून उभा राहिला. एक हात कधी पोटावर गेला, त्याला कळलं नाही. जोडीदार आत आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "खालची वाट बंद झालीय. पाणी तुंबलंय."

"दोन नंबरमध्ये पाणीच नाही, बाबा."

"माझं म्हणतोय."

इस्पितळात नळी घातली आणि दोन लिटरच्या वर निघालं. प्रोस्टेट सुजून वाट आवळली होती, पाणी मूत्रपिंडांपर्यंत उलटं चढलं होतं, त्यानेच रक्तदाब वाढवला होता आणि रक्तातलं विष डोक्यातही गेलं होतं. त्यावर गोणी घेऊन जिने. एखादी शीर फुटायचीच बाकी होती, असं तिथला डॉक्टर म्हणाला. संध्याकाळी बीपी एकशे बेचाळीस झालं. कंपनीचा डॉक्टर भेटायला आला आणि नाराजीने म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत ना, प्रेशर कमी झालंय म्हणून?"

"झालंच होतं, साहेब."

जोडीदाराने बॉयलरची नोंदवही आणली होती. दोन नंबरचा रकाना अकरा वर्षं कोरा होता. त्यात व्यायाम सुरू झाला त्या दिवसापासून तासातासाची नोंद होती, टिचकीच्या सुबक अक्षरात. शेवटची ओळ: साडेदहा किलो. झडप उघडली. निघालं नाही. प्रत्येक पानाखाली कारखान्याच्या साहेबांची सही होती. साहेब सही करताना वाचत नसत. यातलं काहीही लिहिल्याचं टिचकीला आठवेना. डोक्यात गेलेल्या विषावर ते सहज ढकलता आलं असतं. पण निम्म्या नोंदी दुसऱ्या पाळीतल्या होत्या, आणि त्या वेळी तो रोज घरी असे, हे बायको आजही छातीठोकपणे सांगते.

शस्त्रक्रिया झाली, गोळ्या कपाटातून बाहेर आल्या, आणि दोन महिन्यांनी डॉक्टरने त्याला बॉयलरवर परत बसू दिलं. पहिल्या दिवशी त्याने एक नंबरच्या काचेवर टिचकी मारली, दाब वाचला, लिहिला. मग तो दोन नंबरसमोर जाऊन उभा राहिला. काटा शून्यावर होता.

त्याने हात खिशातच ठेवले.