जेवल्यावरची प्रार्थना

दवनीवाड्याचा चैतराम देवाचं नाव न घेताच जेवतो, अशी बोलवा होती. गावात ख्रिस्ती घरं चारच, त्यामुळे तिला फार चालावं लागलं नाही. कापणीच्या सणाला पादरीबाबा नाकातून "हे दयाळू पित्याऽऽ" असा सूर लावून उभे असताना चैतराम टक्क उघड्या डोळ्यांनी भाताकडे बघत होता, असं विहिरीवर ठरलं. "पादरीचं आमेन झालं ना सिद्धा घास, व बाई. हात जोडणं नाही का काही नाही." सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना हे दिसलं कोणाला, ते मात्र कोणी विचारलं नाही.

खरं एवढंच होतं की चैतराम जेवल्यावर प्रार्थना करायचा.

तो कवेलू, म्हणजे कौलं, फेरणारा. पावसाळ्याआधी लोकांच्या छपरांवर चढून फुटकी कवेलू काढायची, चांगली बसवायची, हा त्याचा धंदा. शेवटचं कवेलू बसलं तरी तो काम झालं म्हणायचा नाही. वरून घागरभर पाणी ओतायचा, खाली येऊन आढ्याकडे बघत बसायचा. थेंब गळला नाही की मग "झालं" म्हणायचा आणि तंबाखू मळायला घ्यायचा. देवाशीही त्याचं वागणं याच चालीचं होतं.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात ही चाल त्याच्या लेकीच्या आड आली. प्रेमिलासाठी गोंदियाचं स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेत लागलेला, आणि प्रेमिलाच्या मनात भरलेला. मुलाचे वडील दाऊद मास्तर मोठे शिस्तीचे. त्यांचा निरोप आला की मुलगी पसंत आहे, आता घर पाहतो, शनिवारी जेवायलाच येतो. घर पाहतो म्हणजे काय पाहतो, ते चैतरामच्या बायकोला, रुख्माला, नेमकं कळलं. बोलवा सायकलवर बसून गोंदियाला पोचली होती.

रुख्मा दोन दिवस समजावत राहिली. शेवटी म्हणाली, "एक दिस आधी डोये मिटा ना. देवाले काय फरक पडते?"

"देवाले नाही पडत," चैतराम म्हणाला. "मले पडते."

पण रात्रभर तो कूस बदलत राहिला. पोरीचं रडवेलं तोंड त्यालाही दिसत होतंच. मी त्यांच्या शेजारची पोर. सकाळी अंगणात मी त्याला पादरीबाबांच्या सुरात म्हटलं, "आज तुम्ही आधीच डोळे मिटाल, चैतरामकाकाऽऽ. लावा पैज." तो हसला नाही. हरलीस तर आमच्याकडे जेवायचं आणि जेवल्यावरची प्रार्थना तू करायची, एवढंच बोलून तो पाणी भरायला गेला.

दुपारी पंगत बसली, मी वाढायला मदतीला होते. भात होता, बोडीतल्या, गावतळ्यातल्या मासोळीचं कालवण होतं. दाऊद मास्तरांनी बाह्या सारख्या केल्या आणि म्हणाले, "घर तुमचं. प्रार्थना तुम्हीच करा."

रुख्माच्या हातातली पळी थांबली. चैतरामने भाताकडे पाहिलं, दारामागे उभ्या प्रेमिलाकडे पाहिलं.

"मास्तर, माही जेवल्यावर असते," तो म्हणाला. "आता तुमी करा."

मास्तरांनी केली, आखूड आणि कोरडी. मग सगळे जेवले. कालवण कसं झालं हेसुद्धा कोणी बोललं नाही. ताट संपलं तसे मास्तर हात धुवायला उठू लागले. चैतराम म्हणाला, थोडं बसा. आणि उष्टा हात तसाच मांडीवर ठेवून त्याने डोळे मिटले.

"बापा, मीठ बराबर होतं. मासोळी प्रेमिलानं साफ केली, एकबी काटा लागला नाही. मास्तर एवढ्या उन्हाचे सायकलनं आले, त्याईले वाटंत काही झालं नाही. पोट भरलं. तुहे उपकार. आमेन."

मास्तरांच्या बोटांवर भात वाळत होता. त्यांनी विचारलं, हे असं काऊन?

चैतरामने सांगितलं की एके साली सालेकशाच्या जंगलात तो दोन दिवस उपाशी होता. एकसारखी प्रार्थना केली. तिसऱ्या दिवशी एका गोंडाच्या घरी पेज मिळाली, ती तो पोटभर प्याला आणि तिथंच झोपून गेला. संध्याकाळी जाग आली तेव्हा आठवलं की प्यायल्यावर देवाला एक शब्दही बोललो नाही.

"भुकेच्या टायमाले मी कोनाचंबी नाव घेतलं असतं, मास्तर. भरल्या पोटी घ्यावं, तर ते माहं."

मास्तरांनी ताट परत पुढे ओढलं. मग दाराकडे वळून म्हणाले, "बेटी, आणखी थोडा भात वाढ." प्रेमिलाने वाढला. त्यांनी तो सावकाश खाल्ला, आणि खाऊन झाल्यावर उठले नाहीत. डोळे मिटून बसले. काय म्हणाले ते ओठांतल्या ओठांत राहिलं. जाताना मात्र मोठ्याने सांगून गेले की पुढच्या रविवारपासून गोंदियाच्या ख्रिस्ती देवळात लग्नाच्या हाका वाचू, सगळ्यांसमोर लग्न जाहीर करू.

त्याच रविवारी मला चैतरामकाकाकडे जेवावं लागलं. ताट पुसून काढलं, डोळे मिटले, आणि तोंडातून आपोआप नाकातला सूर निघाला, "हे दयाळू पित्याऽऽ."

"पादरीबाबाची नोको," काका म्हणाला. "तुही कर."

घरात कोणी हसलं नाही. मी डोळे उघडून ताटाकडे पाहिलं.

"भात चांगला होता," मी म्हटलं.

"आमेन," काका म्हणाला, आणि तंबाखू मळायला घेतला.