झाकलेली टोपली

दिवाळी सरली, की सुकापूरची ती घटना अर्धवट झोपेत दिसावी तशी अजूनही डोळ्यांपुढे तरंगते.

पनवेलजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एका बाईंनी तक्रार दिली. माहेरची दिवाळी करून परतल्या, तर कपाटातल्या सोन्याच्या पाटल्या गायब. संशय कोणावर? सणाआधी घर रंगवून गेलेल्या बिहारी रंगाऱ्यावर. दुपारी त्यांच्याच सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला, "सायब, तो भैय्या टोपली झाकून तलावाकडं चाललाय. कोनाला हात लावू देत नाय."

झालं! आम्ही त्याला टोपलीसकट ठाण्यात आणला.

टोपलीवरचं पिवळं कापड मीच ओढलं आणि तळापर्यंत हात घातला. केळी, ऊस, नारळ, तुपात तळलेला गोड खाऊ. बाकी काही नाही. तो मटकन खाली बसला.

चौकशीत पाणी पुढे केलं, तर पिईना. चोराच्या घशाखाली पाणी उतरत नाही, ही माझी जुनी समजूत. मी आवाज चढवला. तेव्हा आमच्या हवालदार बाई, उरणच्या कोळीवाड्यातल्या, हळूच म्हणाल्या, "सायब, याचा उपास हाय. आमची आय बी नारली पुनवंला दर्याला नारल देल्याबिगर पानी पीत नाय."

"छठ है, साहब," तो पुटपुटला. "बिटिया मरते-मरते बची. मन्नत है. सूरज डूबने से पहले अरघ देना है."

मला माझीच लाज वाटली. गावाला जाताना बायका दागिने तांदळाच्या डब्यात लपवतात, हे मी आईकडून शिकलेलो. एरवी पहिला प्रश्न तोच विचारला असता. पण 'बिहारी' हा शब्द ऐकला आणि माझा तपास तिथेच संपला. मुंबईत मला कोणी 'घाटी' म्हटलं, की माझ्या अंगाचा मात्र तिळपापड व्हायचा! तक्रारदार बाईंना फोन लावला. पाटल्या तांदळातच निघाल्या; निघायच्या घाईत त्यांनीच तिथे ठेवल्या आणि विसरल्या होत्या.

आधी पुरावा, माणसाचा मुलूख कधीच नाही. एवढी साधी गोष्ट मला निवृत्तीच्या तोंडावर कळली.

माझा हात लागलेली टोपली आता पूजेला चालणार नव्हती. त्याला जीपने तलावावर नेलं. पाण्यावर केशरी ऊन पसरलं होतं, काठावर बायका संथ सुरात गात होत्या. काय झालं ते कळल्यावर त्यांनी आपापल्या सुपातलं एकेक फळ काढून त्याच्यासाठी नवं सूप भरलं. तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. मी हात जोडून पुढे झालो, "चुकलो" म्हणालो.

सूर्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "साहब, पहले जूता उतारिए."

मी बूट काढले आणि गाण्यातला एकही शब्द कळत नसताना, सूर्य बुडेपर्यंत अनवाणी तिथेच उभा राहिलो.