ताईचं वाकडं फूल

माझी थोरली बहीण फुलांच्या दुकानात कामाला आहे आणि मला तिचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून तुम्हीच म्हणाल.

खरं तर हेवा करावा असं तिच्याकडे काही नाही. वीस वर्षं ती दुकानाच्या मागच्या खोलीत उभी राहते, गार पाण्यात हात घालून देठ तिरके कापते, गुलाबाचे काटे काढते. बोटांना चिरा पडल्यात, संध्याकाळी पाय सुजतात. पुढच्या काचेत दिसतात ते सगळे गुच्छ हिच्या हातचे, पण गिऱ्हाइकं कौतुक करतात मालकीणबाईंचं. तरी ताई हसतमुख. लहानपणी कान तुटलेल्या कपात गवताची दोन पाती खोचून म्हणायची, "बघ, खोलीत कसं बरं वाटतंय." मला तुटलेला कप तेवढा दिसायचा.

आमची आई शाळेत शिवण शिकवायची. एक टाका वाकडा गेला की अख्खी ओळ उसवायला लावायची. सहा महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजव्या हातातली शक्ती गेली आणि बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. ताईचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून आई माझ्याकडे, पहिल्या मजल्यावर आली. मी औषधाच्या दुकानातली नोकरी सोडली. भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, गोळ्या, सगळ्याचा तक्ता करून फ्रिजवर लावला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक मऊ चेंडू दिला होता. दिवसातून तीनदा मी तो आईच्या उजव्या हातात द्यायची, आई तो सोडून द्यायची, मी पलंगाखाली वाकून उचलायची.

आणि बुधवारी सुट्टी म्हणून ताई यायची. दुकानात उरलेली, मान टाकायला आलेली फुलं कागदात गुंडाळून आणायची. दिवसभर माझ्याकडे छताकडे बघावं तशी बघणारी आई, जिन्यात ताईच्या चपला वाजल्या की मान वळवायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राबायचं मी आणि हसायचं हिच्याकडे बघून. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

ताई पलंगाला लागून असलेल्या स्टुलावर काचेची बरणी ठेवायची आणि फुलं लावत बसायची. एकेक फूल आईच्या नाकाजवळ न्यायची, गालाला लावायची. दुकानातल्या गमती सांगायची. तासभर बडबड, मग चहा, मग "येते गं". आणि एवढं करून काम अर्धवट. दर बुधवारी एक तरी फूल वाकडं, बरणीबाहेर लोंबणारं. वीस वर्षांचा अनुभव म्हणे. ताई जिना उतरते न उतरते तोच मी ते फूल नीट करून टाकायची, आणि खरं सांगते, त्यात मला फार समाधान मिळायचं. आई मात्र लगेच भिंतीकडे तोंड फिरवायची. मला वाटायचं, लाडकी लेक गेली म्हणून.

असं चार महिने चाललं. एका बुधवारी ताई गेली आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या. त्यांच्या गुडघ्यांची कथा ऐकण्यात वीस मिनिटं गेली. आत येऊन बघते तर पिवळा जरबेरा सरळ उभा. ताई निघाली तेव्हा तो चांगला बरणीबाहेर लोंबत होता, मी डोळ्यांनी पाहिला होता. खोलीत आईशिवाय कुणी नव्हतं. आईच्या बाहीचं टोक ओलं झालं होतं. उजव्या बाहीचं.

मी ताईला फोन लावला. "ते वाकडं फूल तू मुद्दाम ठेवतेस?"

"मग? मला फूल सरळ लावता येत नाही असं वाटलं होय तुला?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू त्याचाही तक्ता केला असतास." मग म्हणाली, "तू तिचं सगळं करतेस गं. मला जमलं नसतं. पण तिला करायला काही ठेवतच नाहीस."

मी फोन ठेवला. फार राग आला. ती खरं बोलत होती याचा जास्त आला. चार महिने, दर बुधवारी, आईच्या हातातलं काम मी तिच्या डोळ्यांदेखत काढून घेत होते.

दुसऱ्या दिवशी चेंडू कपाटात टाकला. आईचा डोळा लागला होता तेवढ्यात बरणीतलं पाणी बदललं, देठ ताईसारखे तिरके कापले आणि फुलं लावली. एक शेवंती वाकडी ठेवायची होती. हसाल, पण मला ते जमेना, हात आपोआप नीट करायचा. शेवटी ती कशीबशी बाहेर लोंबत ठेवली आणि दाराआड जाऊन उभी राहिले.

बराच वेळ काही झालं नाही. मग आईला जाग आली आणि तिचा उजवा हात चादरीवरून सरकायला लागला. बरणीपर्यंत पोचला, काठावरून घसरला, पुन्हा उचलला. शेवंती निसटून स्टुलावर पडली. मी एक पाऊल पुढे टाकलं होतं, ते मागे घेतलं. चौथ्या वेळी देठ तिच्या दोन बोटांत आला. तिने तो बरणीत घातला, मान तिरकी करून बघितलं आणि आणखी जरासा ढकलला.

मी आत गेले. आईच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर हसू. एवढ्या महिन्यांत त्या चेहऱ्याने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. तिने बरणीकडे बोट दाखवलं आणि एकेक शब्द ओढत विचारलं, "ताई... आली... होती?"

गुरुवार होता. सकाळपासून घरात आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. मी केलंय, मी, हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते.

"हो," मी म्हणाले, "आत्ताच गेली. उद्यापण येणार आहे."