मामांना देवमाणूस म्हटलं तेव्हा

निशिगंधाचा वास आला की मला अजूनही तो दिवस आठवतो. मामांच्या शवपेटीवर याच फुलांचे हार होते. परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या घरात चर्चचे पाळकसाहेब मामांना देवमाणूस म्हणत होते, नातेवाईक माना डोलवत होते, आणि मामीच्या गालावर मामांनीच मारल्याचा निळा वळ होता. मला किळस आली.

“सगळं झूठ! बायबलही असंच रचलं असेल,” मी मामीजवळ पुटपुटले.

“नाही गं. येशूचा पट्टशिष्य पेत्र घाबरून त्याला ओळखतच नाही म्हणाला, तेही त्यात लिहिलंय. रचणारे आपल्याच मोठ्या माणसाची फजिती लिहितील का?”

मग ती उठली. “पाळकसाहेब, हे मला मारायचे. आता प्रार्थना करा.”

कुणी मान वर केली नाही. बायबलवरचा माझा भरवसा मात्र त्या दिवशी जो बसला, तो बसला.